हात न लावता गाडी धुताना प्रीसोक नीट कसा मारायचा

धुऊन, वाळवून ग्राहकाच्या ताब्यात द्यायला उभी केलेली पांढरी गाडी. तिच्या डिकीच्या दारावरून कोरडा पांढरा रुमाल एकदा फिरवून बघा. रुमाल राखाडी झाला, तर सेंटरवरची पोरं म्हणतात प्रेशर कमी पडलं, आणि मालक दुसऱ्या दिवशी केमिकल दुप्पट घालतो. कराडजवळ महामार्गाला लागून माझं वॉशिंग सेंटर आहे आणि हा रुमाल मी रोज फिरवतो. बहुतेक वेळा प्रेशर पुरेसं असतं, केमिकलही पुरेसं असतं. चुकलेलं असतं ते केमिकल लावणं. कुठे ते पोचलेलंच नसतं, कुठे पोचून काम करण्याआधी धुतलं गेलेलं असतं, कुठे उन्हात वाळून गेलेलं असतं. प्रमाण वाढवून यातलं काहीच सुधारत नाही. उलट रंग, ट्रिम आणि पोरांचे हात खराब होतात.

म्हणून हा लेख फक्त प्रीसोकबद्दल. जोराचं पाणी मारण्याआधी गाडीवर जे पातळ केलेलं केमिकल लावून ठेवतो, ते कसं निवडायचं, मोजायचं, लावायचं आणि कधी उतरवायचं, एवढंच. पूर्ण ऑटोमॅटिक टचलेस (हात न लावता धुणारा) बे, म्हणजे गाडी धुवायचा कप्पा, असो किंवा साधी प्रेशर मशीन आणि फोम लान्स (केमिकलची बाटली लावलेली फोम मारायची नळी) असो, तत्त्व एकच आहे. आपल्याकडे बहुतेकांकडे लान्सच असतो, म्हणून उदाहरणं मी त्याची देतो.

घासणं नाही, मग काय?

१९५९ साली जर्मनीतल्या हेन्केल कंपनीतल्या हर्बर्ट सिनर यांनी स्वच्छतेचं गणित चार गोष्टींत मांडलं: रसायन, घासणं, तापमान आणि वेळ. यातली एक कमी केली, की उरलेल्या तिघींनी ती भरून काढायची. हे घरोघरी माहीत आहे. दूध करपलेलं पातेलं घासायचं जिवावर येतं, तेव्हा त्यात गरम पाणी आणि सोडा घालून रात्रभर भिजत ठेवतात. टचलेस धुलाई म्हणजे तेच पातेलं, फक्त भिजवायला रात्रभर मिळत नाही, एखादं मिनिट मिळतं.

गाडीवरचा चिखल ही खरी अडचण नाही, तो पाण्यानं जातो. जात नाही तो डिझेलची काजळी, टायरची झीज, अतिबारीक धूळ आणि तेलाचा अंश यांचा मिळून बसलेला पातळ राखाडी थर. त्याला ट्रॅफिक फिल्म म्हणतात. वाहत्या पाण्याचा वेग पत्र्याला अगदी लागून जवळजवळ शून्य असतो आणि ही फिल्म त्या शांत पट्ट्यातच बसलेली असते. त्यामुळे वरून कितीही जोराचा फवारा गेला, तरी ती जागची हलत नाही. आधी तिची पत्र्यावरची पकड सुटली पाहिजे, मगच पाणी तिला घेऊन जातं. पकड सोडवायचं काम प्रीसोकचं.

फिल्म सगळीकडे सारखी नसते. धावत्या गाडीच्या मागे हवेचा भोवरा तयार होतो आणि रस्त्यावरची धूळ त्यात ओढली जाऊन डिकीवर, मागच्या काचेवर, बंपरवर बसते. त्याखालोखाल चाकांच्या मागचा भाग आणि दारांचा खालचा हात-दीड हात पट्टा. छत सगळ्यात स्वच्छ असतं. आणि नवा मुलगा लान्स हातात घेतला, की सगळ्यात जास्त फोम छतावर आणि बॉनेटवर मारतो, कारण तिथे तो दिसायला छान दिसतो.

आधी पाणी तपासा

सेंटर सुरू केलं तेव्हा पहिले सहा महिने मी तीन वेळा केमिकल बदललं. दोष पाण्यात होता. आमच्या भागात काळ्या बेसाल्ट खडकातलं बोअरचं पाणी बरंच जड असतं. त्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम हे क्षार साबणाचे रेणू स्वतःकडे बांधून ठेवतात, म्हणजे तुम्ही ओतलेल्या केमिकलचा एक हिस्सा गाडीपर्यंत पोचण्याआधी पाण्यावरच खर्च होतो. प्रीसोक अल्कलाइन, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचा, असेल तर आणखी एक गोष्ट होते. पीएच (आम्ल-अल्कली मोजायचा आकडा) वाढला की कॅल्शियम कार्बोनेट होऊन खाली बसतो. फोम लान्सची जाळी आणि नोझल महिन्याभरात पांढरं पडून चोंदतं ते यामुळे.

पाणी किती जड आहे ते टीडीएस मीटर सांगत नाही. तो सगळे विरघळलेले क्षार एकत्र मोजतो. हार्डनेससाठी थेंबांची टेस्ट किट मिळते, ती घ्या. छोट्या बाटलीत नमुन्याचं पाणी घ्यायचं, इंडिकेटर टाकला की ते वाईनसारखं लालसर होतं, मग दुसऱ्या बाटलीतला द्रव थेंब थेंब घालायचा आणि हलवायचं. लालसर रंग जांभळटावरून एकदम स्वच्छ निळा होतो, तिथे थांबायचं. किती थेंब लागले त्यावरून हार्डनेस किती पीपीएम (दहा लाख भागांत किती भाग) ते किटच्या कागदावर दिलेलं असतं. पाच मिनिटांचं काम आहे, आणि तो निळा रंग पहिल्यांदा बघितला त्या दिवशी माझ्या अर्ध्या तक्रारींचं कारण मला कळलं.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, हार्डनेसची स्वीकार्य मर्यादा २०० आणि दुसरं पाणी नसेल तर ६०० पीपीएम आहे. म्हणजे पिण्यायोग्य पाणीसुद्धा गाडी धुण्याच्या दृष्टीनं फार जड असू शकतं. १८० च्या वर गेलं की मी त्या पाण्यात प्रीसोक बनवत नाही.

उपाय म्हणजे मीठ घालून रिजनरेट (पुन्हा ताजा) होणारा साधा सॉफ्टनर. सगळं पाणी सॉफ्ट करणं परवडत नसेल, तर निदान प्रीसोकपुरतं करा, एका गाडीला ते मोजकंच लागतं. आणि सॉफ्टनर बसवल्यावर टीडीएस मीटर लावून "आकडा तर तेवढाच आहे" म्हणून विक्रेत्याशी भांडू नका. सॉफ्टनर क्षार काढत नाही, कॅल्शियमच्या जागी सोडियम देतो. टीडीएस तसाच राहतो, हार्डनेस जातो. टीडीएस कमी करायला आरओ लागतो आणि त्याची गरज शेवटच्या पाण्याला असते, डाग राहू नयेत म्हणून.

गाडीवर पडणारं खरं प्रमाण

डब्यावर १:५० किंवा १:१०० असं लिहिलेलं असतं. फोमच्या बाटलीत ते प्रमाण केलं की काम झालं, असं समजणारे पुष्कळ आहेत. बाटलीतलं मिश्रण लान्समध्ये पुन्हा पाण्यात मिसळतं. गाडीवर जे पडतं ते बाटलीतल्यापेक्षा कितीतरी पातळ असतं, आणि किती पातळ ते मशीनच्या फ्लोवर, जेटच्या आकारावर आणि लान्सच्या वरच्या नॉबवर अवलंबून असतं. शेजारच्या सेंटरचं प्रमाण तुम्हाला लागू पडत नाही ते याच कारणानं.

मोजायची रीत सोपी आहे. एक लिटरच्या फोम बाटलीवर १०० मिलीच्या खुणा करा. त्यात १०० मिली केमिकल आणि ९०० मिली पाणी भरा. एक रिकामी मोठी बादली वजनकाट्यावर ठेवून काटा शून्य करा. आता लान्स नेहमीच्या नॉबवर ठेवून बादलीत मारा. फोम फुगतो, त्यामुळे पातळी बघून काही कळत नाही, वजन बघायचं. १० किलो झालं की थांबा, म्हणजे साधारण १० लिटर. बाटली किती उतरली ते पहा. समजा ५०० मिली उतरली. त्यात केमिकल ५० मिली होतं. म्हणजे १० लिटरला ५० मिली, अर्धा टक्का, साधारण १:२००. डब्यावर १:१०० लिहिलं असेल तर तुम्ही निम्म्या ताकदीनं धूत होता. अशा वेळी बाटलीत २०० मिली केमिकल घ्या किंवा नॉब फिरवून पुन्हा मोजा.

हीच चाचणी मी महिन्यातून एकदा करतो, आणि थंडी सुरू झाली की आवर्जून. डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी केमिकल दाट होतं आणि मशीन ते कमी ओढते. ऑटोमॅटिक बे असेल तर तिथे डोसिंग युनिटच्या नळीत छोटी रंगीत टिप असते, ती ठरवते किती ओढायचं. तिथे केमिकलचा डबा काढून नळी मोजपात्रात सोडा आणि एका गाडीला किती मिली गेलं ते लिहून ठेवा. नळीच्या टोकाची जाळी चोंदली, नळीला बारीक चीर पडून हवा ओढली गेली, की हा आकडा घसरतो. बाहेरून काहीच दिसत नाही. फोम येतच राहतो.

फोमबद्दल एक गोष्ट मनापासून सांगतो. ग्राहकाला दाढीच्या क्रीमसारखा घट्ट फोम आवडतो, त्याचे व्हिडिओ होतात. पण साफ करतो तो फोममधला द्रव, हवा नाही. फार कोरडा फोम पत्र्याला न भिजवता वर तसाच बसून राहतो. फोम मारल्यावर दोन-तीन सेकंदांत तो हळूहळू खाली सरकायला लागला पाहिजे आणि मागे ओली, सलग चकाकी राहिली पाहिजे. सरकताना त्याचा रंग मळकट झाला, तर समजा तो काम करतोय.

एक केमिकल की दोन

ऑटोमॅटिक टचलेसमध्ये दोन टप्प्यांची पद्धत रूढ आहे. पहिल्यांदा आम्लधर्मी, मग त्यावरच, मध्ये न धुता, अल्कलाइन. आम्लधर्मी भाग धुळीच्या खनिज थराला आणि पाण्याच्या क्षारांच्या डागांना सैल करतो, काचेवर याचा फरक चांगला दिसतो. अल्कलाइन भाग तेल, काजळी, किडे यांच्यावर चालतो. आणि एका टोकाच्या पीएचवरून एकदम दुसऱ्या टोकाला गेल्यानं फिल्मची पकड सुटायला मदत होते. गाडीवर पडलेल्या पातळ द्रावणाचा पीएच पहिल्या टप्प्यात साधारण २ ते ३ आणि दुसऱ्यात ११ ते १२ च्या आसपास असतो. पीएच पट्टीनं तो स्वतः तपासा.

माझं मत असं आहे की लान्सवर काम करणाऱ्या सेंटरनं सुरुवात एकट्या अल्कलाइन प्रीसोकनं करावी. पाणी सॉफ्ट आहे, प्रमाण मोजलेलं आहे, वेळ पाळली जाते, एवढं झाल्यावरही काचेवर आणि गडद रंगावर फिल्म राहत असेल, तरच आम्लधर्मी टप्पा आणावा. पाया कच्चा असताना दुसरं केमिकल आणलं, तर खर्च आणि धोका दोन्ही वाढतात.

आम्लधर्मी केमिकल घेताना विक्रेत्याकडून सेफ्टी डेटा शीट, म्हणजे केमिकलमध्ये काय आहे आणि धोका काय ते सांगणारा कागद, मागून घ्या. त्यात हायड्रोफ्लुओरिक अ‍ॅसिड किंवा अमोनियम बायफ्लुओराइड असेल, तर ते सेंटरच्या आत आणू नका. ते काच खोदतं. माणसाचं तर त्याहून वाईट होतं. पातळ द्रावणाची आग लगेच जाणवत नाही, काही तासांनी वेदना सुरू होतात आणि तोवर ते आत हाडापर्यंतही उतरू शकतं. त्यावर कॅल्शियम ग्लुकोनेट जेल लागतं, आणि ते जवळच्या प्रत्येक मेडिकलमध्ये असेल असं समजू नये. शीट द्यायला टाळाटाळ करणाऱ्याकडून मी आता काहीच घेत नाही.

आता गाडी

गाडी बेमध्ये आली की आधी डोळ्यांनी फिरून बघा आणि मालकाला विचारा. अलीकडे रंगकाम झालंय का, सिरॅमिक कोटिंग आहे का, पीपीएफ (रंग वाचवायची पारदर्शक फिल्म) लावलीय का. रूफ रेल किंवा खिडक्यांच्या पट्ट्या अ‍ॅल्युमिनियमच्या आहेत का, हेही पहा. अल्कलाइनमधला कॉस्टिक सोडा अ‍ॅल्युमिनियमला खातो आणि तिथे पांढुरके डाग उठतात ते पुन्हा जात नाहीत. काचा, सनरूफ, पेट्रोलचं झाकण, इलेक्ट्रिक गाडीचा चार्जिंग पोर्ट बंद. पावसाच्या सेन्सरवर चालणारे वायपर बंद करायला सांगा, नाहीतर फोम पडला की ते आपोआप सुरू होतात आणि सगळी रेती काचेवर घासतात. चावी बटणाची असेल तर ती गाडीपासून लांब न्या. हँडलवर पाणी पडून दारं उघड-बंद होत राहतात.

मग पत्र्याला उलटा हात लावा. पाच सेकंद ठेववत नसेल तर केमिकल लावायचं नाही. एप्रिल-मेमध्ये महामार्गावरून आलेल्या गाडीचं बॉनेट चटका देतं. साध्या पाण्यानं गाडी निववा, दोन मिनिटं सावलीत निथळू द्या. चाकं आणि ब्रेक गरम असतील तर त्यांना अजून वेळ द्या.

चाकांच्या कमानीतला, मडफ्लॅपमागचा, खालचा चिखल आधी प्रेशरनं काढून टाका. जाड चिखलावर प्रीसोक मारणं म्हणजे केमिकल मातीला पाजणं. मात्र संपूर्ण गाडी भिजवून लगेच प्रीसोक मारू नका. अंगावर पाणी वाहत असेल तर मोजूनमापून केलेलं प्रमाण तिथेच पातळ होतं. गाडी थंड आणि चिखलमुक्त असेल, तर कोरड्या अंगावर प्रीसोक सगळ्यात छान बसतो.

पुढच्या बंपरवर, जाळीवर, आरशांच्या पुढच्या बाजूला आणि काचेवर किडे असतील तर त्या भागावर आधी थोडं अल्कलाइन मारून ठेवा. बाकीची गाडी होईपर्यंत ते भिजतील.

आता मुख्य काम. प्रीसोक खालून वर मारायचा. दारांखालच्या सिलपासून सुरुवात, मग दारं, मग काचा, शेवटी छत. वरून सुरुवात केली तर द्रावण कोरड्या मळक्या पत्र्यावरून ओघळ धरून खाली येतं. जिथून ओघळ गेला तिथे जास्त साफ, शेजारी कमी. वाळल्यावर ते पट्टे दारांवर उभे दिसतात, काळ्या गाडीवर तर लांबून दिसतात. खालून वर गेलं की पुढचं द्रावण आधीच ओल्या झालेल्या पत्र्यावर येतं आणि सारखं पसरतं. शिवाय सगळ्यात मळका खालचा भाग आपोआप सगळ्यात जास्त वेळ भिजतो.

एका ठरलेल्या जागेपासून सुरू करा. मी मागच्या डाव्या चाकापासून करतो आणि गाडीला पूर्ण फेरी मारून तिथेच परत येतो. फिरताना फवाऱ्याचा पट्टा आधीच्या पट्ट्यावर अर्धा चढला पाहिजे. डिकीच्या दारावर, नंबर प्लेटच्या खोबणीत, मागच्या वायपरखाली, दारांच्या हँडलच्या वाटीत आणि आरशांच्या खालच्या बाजूला मुद्दाम थांबा. या पाच जागा सुटतात. फेरी पूर्ण झाली की डिकीवर दुसरा हात मारा.

पत्र्यावर द्रावण थेंब थेंब होऊन पळत असेल, सलग चादर धरत नसेल, तर गाडीवर ताजं वॅक्स किंवा कोटिंग आहे. तिथे जोरदार केमिकलची गरजच नसते. सौम्य, जवळपास न्यूट्रल शांपूचा फोम मारून सोडा, नाहीतर मालकानं पैसे देऊन लावलेलं वॅक्स तुम्ही उतरवून टाकाल.

किती वेळ? सावलीत, साध्या दिवसात मी शेवटचा भाग मारून झाल्यावर ४५ सेकंद ते एक मिनिट थांबतो. दोन टप्प्यांत काम असेल तर पहिल्यानंतर २० ते ३० सेकंद आणि दुसऱ्यानंतर तेवढेच किंवा थोडे जास्त. अंदाजानं नाही, भिंतीवरच्या घड्याळानं. हात रिकामा असला की एक मिनिट फार लांब वाटतं आणि पोरं वीस सेकंदांतच प्रेशर सुरू करतात. पण घड्याळापेक्षा मोठा नियम एकच: द्रावण वाळता कामा नये. कुठेही कड कोरडी व्हायला लागली, मॅट दिसायला लागली, की वेळ संपली. ताबडतोब धुवा, किंवा तेवढ्या भागावर पुन्हा प्रीसोक मारून ओला करा. दुसऱ्या वर्षी एका एप्रिलच्या दुपारी शेवटची सावली संपली होती म्हणून एक गाडी अर्धी उन्हात घेतली होती. मला फोन आला, मी बोलत राहिलो, आणि परत येईपर्यंत उन्हातल्या बाजूची रूफ रेल वाळून गेली होती. रेलवर तांदळाच्या दाण्याएवढे पांढरे ठिपके उठले. ती रेल मी पदरचे पैसे घालून बदलून दिली. तेव्हापासून सावलीबाहेर प्रीसोक मारायचा नाही आणि प्रीसोक लावल्यावर कुणी गाडीपासून हलायचं नाही, हा सेंटरचा नियम आहे.

तापमानाची मदत घेता आली तर जरूर घ्या. ४० ते ५० अंशांच्या पाण्यातला प्रीसोक थंड पाण्यातल्यापेक्षा स्पष्टपणे चांगला चालतो, तेलकट फिल्मवर विशेष. आमच्या छतावर घरगुती सोलर हीटर आहे, त्याचं पाणी फक्त प्रीसोकच्या टाकीत येतं. हिवाळ्यात त्यानंच तारलं. मशीनचा पंप किती गरम पाणी सोसतो ते मात्र आधी बघा, घरगुती मशीनचे पंप बऱ्याचदा ४० अंशांपर्यंतच असतात.

उतरवताना प्रेशर आधी खालून वर, मग वरून खाली. पहिल्या फेरीत सुटलेली घाण जागेवरून हलते, दुसऱ्या फेरीत ती पूर्ण वाहून जाते. २५ अंशांचं हिरवं नोझल, पत्र्यापासून साधारण एक फूट अंतर, फवारा थोडा तिरपा. शून्य अंशांचं लाल नोझल गाडीवर लावायचंच नाही. हात सावकाश चालवा. घाईनं दोनदा फिरवलेल्या फवाऱ्यापेक्षा सावकाश एकदा फिरवलेला जास्त काढतो. पीपीएफच्या कडा, जुने स्टिकर, रंग उडालेल्या जागा आणि रडारचे सेन्सर यांच्यापासून लांब रहा. आरशांच्या आत, हँडलमागे, डिकीच्या फटीत केमिकल अडकून राहतं आणि नंतर ओघळतं, तिथे जास्तीचं पाणी द्या. आरओचं पाणी असेल तर शेवटचा हात त्याचा. टीडीएस ५० पीपीएमच्या खाली असेल, तर वाळल्यावर डाग राहत नाहीत. मग ब्लोअर.

आणि मग रुमाल, डिकीवर.

आमच्याकडची तीन घाणी

कुंभार्ली घाट चढून चिपळूणकडून येणाऱ्या गाड्यांवर कोकणची तांबडी माती असते. ती फार बारीक असते आणि लोहामुळे पांढऱ्या रंगावर गुलाबी झाक ठेवते. तिला तीव्र केमिकल लागत नाही, पाणी आणि वेळ लागतो. आधी साधं भरपूर पाणी, निथळू देणं, मग नेहमीच्या प्रमाणातला प्रीसोक, आणि दारांच्या आतल्या कडा विसरायच्या नाहीत.

ऊसतोडणीच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांमुळे शेतातली काळी माती डांबरी रस्त्यावर पसरते आणि दवानं ओली झाली की गाड्यांच्या खालच्या भागाला लेप बसतो. काळी माती चिकण असते, वाळली की पोपडे धरते. हिला दोनदा भिजवावं लागतं. पहिल्या पाण्यानंतर पाच मिनिटं गाडी तशीच बाजूला उभी करायची, त्या वेळात दुसरी गाडी घ्यायची.

तिसरे किडे. जूनमधल्या पहिल्या पावसानंतर पुणे-बेंगळुरू महामार्गावरून रात्रीचा प्रवास करून आलेल्या गाडीचं नाक बघवत नाही. हे प्रथिन असतं, ऊन लागलं की सिमेंटसारखं बसतं. अल्कलाइन त्याला सोडवतं, पण एका वेळेत नाही. दोन वेळा लावा, मध्ये धुवा. तरीही राहिलं तर ओलं मायक्रोफायबर पाच मिनिटं त्यावर ठेवून अलगद उचलावं लागतं. टचलेसची हद्द इथे संपते आणि ते ग्राहकाला आधीच सांगावं. डांबराचे ठिपके, झाडाचा चीक, सिमेंटचे शिंतोडे हेही प्रीसोकनं जात नाहीत. जाईल असं कबूल करून केमिकल वाढवत नेलं, की रंगाचं नुकसान ठरलेलं.

माणसं

पोरं चप्पल घालून, उघड्या हातांनी कॉस्टिकचं केमिकल हाताळतात हे मला बघवत नाही. नायट्राइलचे हातमोजे, गमबूट आणि डबा ओतताना चष्मा, हे तिन्ही मिळून होणारा खर्च एका केमिकलच्या कॅनपेक्षा कमी असतो. डोळ्यात गेलं तर लगेच वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं डोळा उघडा धरून धुवायचा आणि मग डॉक्टरकडे. आधी डॉक्टर शोधायचा नाही. त्यासाठी बेमध्ये एक हलक्या धारेचा नळ कायम मोकळा ठेवा.

केमिकल पाण्यात ओता, पाणी केमिकलमध्ये नाही. आम्लधर्मी आणि अल्कलाइन केमिकलचे मूळ डबे वेगळ्या बाजूंना ठेवा, एका मोजपात्रानं दोन्ही मोजू नका. गाडीवर पातळ द्रावणं एकमेकांवर पडली तर काही होत नाही, मूळ केमिकल एकत्र आली तर उकळून उडतात. आणि आम्लात ब्लीचिंगचं पाणी मिसळलं तर क्लोरिन वायू होतो. फरशी धुवायचं ब्लीच केमिकलच्या खोलीत ठेवूच नका.

सगळ्यात महत्त्वाचं: केमिकल कोल्ड्रिंकच्या किंवा पाण्याच्या बाटलीत कधीही, अगदी पाच मिनिटांसाठीही काढू नका. मे महिन्यात तहानलेला माणूस वास घेत बसत नाही. आमच्याकडे एकदा एक ग्राहकाचं सात-आठ वर्षांचं पोर अशा बाटलीचं झाकण फिरवताना दिसलं आणि माझे पाय गार पडले. त्या संध्याकाळी सगळ्या बाटल्या फोडून टाकल्या. आता मोठे लाल आणि निळे कॅन आहेत, त्यांवर मराठीत आणि हिंदीत मोठ्या अक्षरांत नाव आहे, आणि खोलीला कडी आहे.

बंद करताना

धुतलेलं पाणी थेट ओढ्यात किंवा गटारात सोडू नका. गाळ बसायला एक टाकी, तेल वेगळं करायला दुसरी, एवढं तरी हवंच. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची कोणती संमती लागते ते प्रादेशिक कार्यालयात विचारून घ्या. कृष्णा-कोयनेचं पाणी पुढच्या गावांनाही प्यायचं आहे. दोन टप्प्यांचं केमिकल वापरत असाल तर टाकीतल्या पाण्याचा पीएच आठवड्यातून एकदा पट्टीनं बघा. प्रमाण बिघडलं की तिथेही कळतं.

रात्री शेवटची गाडी गेली की फोम बाटलीत साधं सॉफ्ट पाणी भरून लान्स एक मिनिट चालवायचा, जाळी काढून धुवायची, नळी टांगून ठेवायची. हे टाळलं तर सकाळी पहिल्या गाडीला फोम अर्धाच येतो. आणि गल्ल्याशेजारी एक वही आहे, त्यात रोज चार रकाने भरतो: गाड्या किती, केमिकल किती मिली, पाण्याची हार्डनेस, रुमाल किती वेळा राखाडी झाला. गेल्या जानेवारीत तिसरा आकडा तसाच होता, दुसरा एकदम खाली गेला होता आणि चौथा वर. त्या रात्री नळी काढून बघितली, तर सांध्याजवळ केसाएवढी चीर होती.